घरात पैसा येतो कोठून?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, आणि हळदीकुंकवाला उखाणा घेतानासुद्धा माझी जीभ अडखळते. पण कार्यवाह ताईंनी आग्रहच धरला. "काय बोलू?" असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या वहीबद्दल बोला." म्हणून आज ती वही घेऊनच उभी राहिले आहे.

आपल्या मंडळात दर वर्षी काटकसरीवर कोणीतरी बोलतेच. गॅस कसा वाचवावा, जुन्या लुगड्यांची गोधडी कशी शिवावी, उरलेल्या भाकरीचा कुस्करा कसा चविष्ट होतो, हे सारे आपण ऐकले आहे आणि ते खरेही आहे. घरातून पैसा जातो कुठे, हे आपल्यातली कोणतीही बाई झोपेतून उठवली तरी सांगेल. पण तो येतो कुठून, हे कोणी विचारले तर? मला एकदा विचारले गेले, आणि माझी जी त्रेधा उडाली तिथून या वहीचा जन्म झाला.

२०२३ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मुलीला तंत्रनिकेतनात प्रवेश घ्यायचा होता. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. आमच्या ह्यांना कारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून मीच सेतू केंद्रात रांगेला उभी राहिले. नंबर आल्यावर खिडकीतल्या मुलाने अर्ज पुढे ओढला आणि विचारले, "बाई, उत्पन्नाचे साधन काय?" मी म्हटले, "ह्यांची नोकरी." "पगार किती?" मला सांगता येईना. महिन्याला हातात काय मिळते ते ठाऊक होते, पण पगार किती, कापून किती जातो, वर्षाचे किती, काही ठाऊक नाही. "घरात आणखी कोणाला काही मिळते? पेन्शन, भाडे, शेती?" मी म्हटले, "घरी विचारून उद्या सांगते." मागच्या रांगेतले कोणीतरी हसले. त्या मुलाने मात्र चांगुलपणाने अर्ज पूर्ण केला, आणि माझ्या नावापुढे लिहिले, 'गृहिणी, उत्पन्न निरंक'. निरंक म्हणजे काय ते मला मुलीने घरी आल्यावर सांगितले.

त्या रात्री मला झोप आली नाही. तेवीस वर्षे संसार केला, तेलमिठाचा हिशेब पैशापर्यंत ठेवला, आणि ज्या विहिरीचे पाणी रोज भरते तिचे झरे कोणते ते मला माहीत नव्हते.

मनाशी ठरवले तरी वही घालायला पुढचा गुढीपाडवा उजाडला, २०२४ सालचा. एक साधी दोनशे पानी वही आणली आणि चार रकाने आखले. पहिला, पैसा किती आला. दुसरा, कोणाकडून आला. तिसरा, कोणाच्या नावाने आला. चौथा रकाना सासूबाईंच्या सांगण्यावरून घातला. त्याचे पुढे सांगते.

पहिल्याच आठवड्यात घरात वादळ झाले. ह्यांना मी पगाराची चिठ्ठी मागितली. आमच्याकडे पगाराचे पाकीट म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्यांनी त्यातून घरखर्च मोजून द्यायचा आणि मी तो मुकाट्याने घ्यायचा, अशी लग्नापासूनची रीत. हे म्हणाले, "माझा हिशेब मागतेस? इतकी वर्षे काय कमी पडू दिले?" खरे सांगायचे तर काहीच कमी पडू दिले नव्हते. तीन दिवस आमच्यात बोलणे झाले नाही. चौथ्या दिवशी सासूबाई जेवताना ताटावरून हात न उचलताच म्हणाल्या, "दे तिला चिठ्ठी. मी नव्हती मागितली कधी. मग काय झाले ते तुला ठाऊक आहे."

माझे सासरे इथल्याच एका गिरणीत होते. १९९८ साली कामावर असतानाच ते गेले. सासूबाईंना कोणी सांगितले नाही की गिरणी कामगाराच्या पगारातून फंडाबरोबर पेन्शनचेही पैसे जमा होत असतात, आणि माणूस गेला तर त्याच्या विधवेला दरमहा पेन्शन मिळते. चार वर्षांनी सासऱ्यांच्या खात्यातले एक जुने गृहस्थ सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर भेटले आणि सहज म्हणाले, "वहिनी, पेन्शन मिळते ना?" तेव्हा समजले. त्या चार वर्षांत सासूबाईंनी चार घरची धुणीभांडी केली आणि ह्यांची शाळा सुटली. पेन्शन सुरू झाली ती महिना साडेचारशे. २०१४ साली सरकारने ती कमीत कमी हजार केली. हजार रुपयांत आज काय येते ते मी तुम्हाला सांगायला नको. पण त्या हजार रुपयांना सासूबाई जपतात, कारण ते कोणापुढे हात न पसरता येतात.

तर त्यांनी सांगितलेला चौथा रकाना असा: 'हा माणूस उद्या नसला तर हा पैसा कोणाला मिळेल?' मला लिहायला जड गेले. पाडव्याच्या सणात असे अभद्र कसे लिहायचे? पण विधवा बाईने सांगितलेले होते. लिहिले.

चिठ्ठी हातात आली. तिच्यावर इंग्रजी अक्षरे. मुलीने वाचून दाखवली. एक कपात फंडाची. आता फंडाचे गणित मला समजले तसे सांगते. पगार दहा हजार धरा. त्यातले शेकडा बारा, म्हणजे १,२०० रुपये कामगाराचे कापले जातात. तेवढेच १,२०० मालकाने स्वतःचे घालायचे असतात. मालकाच्या १,२०० पैकी ८३३ रुपये पेन्शनच्या खात्यात जातात आणि ३६७ फंडात. म्हणजे फंडाचा पैसा हा साठवलेला पगारच आहे. तो कोणाची मेहेरबानी नव्हे. दहा वर्षे नोकरी भरली की वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षांपासून पेन्शन लागते. आणि कामावर असताना माणूस गेला तर त्याच खात्यावर सात लाखांपर्यंतचा विमा असतो, त्याचा वेगळा हप्ता आपल्याला पडत नाही. हे मला पंचेचाळिशीला टेकल्यावर समजले. आपल्यातल्या कितीजणींना आज समजले ते हात वर करून सांगू नका, मला लाज वाटेल ती तुमच्याबरोबर वाटू दे.

मुलीने फोनवर ह्यांचे फंडाचे पासबुक उघडले. मार्च २०१९ पर्यंत दर महिन्याची नोंद होती. पुढे डिसेंबर २०२१ पर्यंत काहीच नाही. मी बोटांवर मोजले, तेहतीस महिने. आणि जुन्या चिठ्ठ्या मी दिवाळीच्या साफसफाईत टाकत नाही म्हणून बरे, ट्रंकेत सापडल्या. त्यांवर दर महिन्याला कपात दाखवलेली. म्हणजे पगारातून कापले, पण खात्यात पोचले नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्यातलीच गत. शिवाय खात्यावर वारसाचे नावच घातलेले नव्हते.

कारखान्याचे नाव मी इथे घेणार नाही. ह्यांचे काम अजून तिथेच आहे. हे म्हणाले, "गप्प बस. बोललो तर असलेले काम जाईल." त्यांचेही चूक नव्हते. हातावर पोट असलेल्या माणसाला हक्काची भाषा महाग पडते. पण मला चौथा रकाना दिसत होता. मी इतर बायकांकडे गेले. अकरा घरांत तीच गत निघाली. अकरा जणांनी मिळून फंडाच्या कचेरीत अर्ज दिला. त्यानंतर दोघांना महिनाभर कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आले. त्या दोघांतल्या एकाची बायको आज या सभेत बसली आहे. त्या महिन्यात तिच्या घरी दूध बंद होते, आणि अर्ज करायला मीच तिच्या घरी गेले होते. तिने मला कधी बोल लावला नाही. पण मी बरे केले की वाईट केले, याचा निवाडा माझ्याच्याने अजून होत नाही. तेहतीसपैकी वीस महिन्यांचे पैसे आता खात्यात आले आहेत. तेरा महिन्यांचे येणे आहे. वहीत ती बाकी तांबड्या शाईने लिहून ठेवली आहे.

या चिठ्ठीवर आणखी एक कपात असते, राज्य विमा योजनेची. तिच्यावरून माझी एक फजिती झाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१७ साली ह्यांना कावीळ झाली आणि एकवीस दिवस हे अंथरुणावर होते. बरे झाल्यावर काही दिवसांनी ह्यांनी पैसे आणून दिले आणि म्हणाले, "आजारपणाचे मिळाले." मला वाटले मालकांनी दिले! त्या दिवाळीला मी डबाभर चिवडा आणि अनारसे मालकांच्या घरी पाठवले. पुढे समजले की ते पैसे विमा योजनेचे होते. आजारपणाच्या सुट्टीत रोजाच्या शेकडा सत्तर इतकी भरपाई, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि त्यासाठी ह्यांच्या पगारातूनच दरमहा पैसे जातात. मालकाचा वाटा त्याहून मोठा असतो, पण तो कायद्याने द्यावाच लागतो. अनारसे मात्र फुकट गेले. डबाही परत आला नाही.

आता माझ्या माहेरचे सांगते. सोलापुरात विडीचे सूप मांडीवर न घेतलेली बाई पूर्वी आमच्या वस्तीत विरळा. माझे वडील गिरणीत होते. १९९४ साली गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होते. आई आधीपासून विड्या वळत असेच. पण तोवर तिच्या विड्यांवर भाजी यायची, नंतर सगळे घर आले. माझी शाळा सुटली आणि मीही सूप घेतले. रात्री पान भिजत घालायचे, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा गुंडाळायचा. हजार विड्यांवर मजुरी. कारखान्यात नेल्या की तपासनीस त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढी. त्यांची मजुरी नाही. आईचे कारखान्यात कार्ड होते. माझे नव्हते, वयच नव्हते. मी वळलेल्या विड्या आईच्या कार्डावर जात. लग्न होईपर्यंत सहा वर्षे मी विड्या वळल्या. कागदावर मी एक विडीही वळलेली नाही.

आईचे मात्र कागदावर नाव होते, आणि त्याचे मोल आज दिसते. विडी कामगारांसाठी १९६६ साली वेगळा कायदा झाला. फंडही लागू झाला. घरी बसून काम करणारी बाईसुद्धा कामगारच आहे, हे त्या कायद्याने मानले. आईला आज पेन्शन मिळते ती तिच्या स्वतःच्या नावाची. ती हजारच रुपये आहे, सासूबाईंना मिळते तेवढीच. पण आई बँकेतून येते तेव्हा तिची चाल वेगळी असते. सासूबाई म्हणतात, "माझे पेन्शन ह्यांचे." आई म्हणते, "माझे पेन्शन माझे."

या पेन्शनीसाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. मशीनवर अंगठा ठेवायचा. आईचा अंगठा मशीनला लागेना. एकेक करून दहाही बोटे ठेवून पाहिली. चाळीस वर्षे पान आणि दोरा घासून बोटांवरच्या रेघा गेलेल्या. समोरचा मुलगा म्हणाला, "आजी, ठसा उमटत नाही." आई म्हणाली, "कामाचा पुरावा मागता, आणि काम केलेली बोटे चालत नाहीत?" शेवटी फोनवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे असे समजले आणि काम झाले. ज्यांच्या आईला, सासूला ही अडचण असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. कोणी आपण होऊन सांगत नाही.

आई राहते कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांनी मोर्चे काढून, वर्गणी भरून मिळवलेले ते घर. घर हे उत्पन्न नव्हे असे कोणी म्हणेल. पण जे भाडे दरमहा द्यावे लागत नाही, ते आल्यासारखेच नाही का? आईच्या शिधापत्रिकेवर पाच माणसांचे महिन्याला २५ किलो धान्य मिळते, माणशी पाच किलो. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने ते दोन-तीन रुपये किलोने मिळू लागले, आणि २०२३ च्या जानेवारीपासून फुकट. तेही मी आईच्या हिशेबात धान्याच्या रूपाने लिहिले. आमचे कार्ड त्यात बसत नाही, तेव्हा आमच्या वहीत ते नाही.

यावरून सरकारी मदतीच्या विषयाकडे येते. इथे मला माहीत आहे, आपल्यातच दोन तट आहेत. मागच्या कोजागरीला 'लाडकी बहीण'वरून चांगली खडाजंगी झाली होती. एकजण म्हणाली, ही भीक आहे. दुसरी म्हणाली, मग तू अर्ज का केलास? मी त्या दिवशी बोलले नाही, कारण वही पुरी झाली नव्हती.

भीक की हक्क, हे मला पगाराच्या चिठ्ठीनेच शिकवले. तिच्यावर दरमहा २०० रुपये 'व्यवसाय कर' कापलेला असतो, फेब्रुवारीत ३००. हा कर कसला म्हणून विचारले तेव्हा त्याची हकिगत समजली. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. माझी आजी सांगोल्याकडची. त्या वर्षी तिने खडी फोडली, पोरांना सुकडी खाऊ घातली आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. ती सांगायची, "खडी फोडली, पण भीक नाही मागितली." ते काम रोजगार हमीचे. कै. वि. स. पागे यांनी ती योजना मांडली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला: काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचे. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला, तो आपल्या महाराष्ट्राचे पाहून. आणि त्या हमीसाठी पैसा कुठून आणायचा म्हणून शहरातल्या पगारदारांवर १९७५ साली हा व्यवसाय कर बसवला. म्हणजे माझ्या आजीसारख्या खेड्यातल्या बाईच्या हाताला काम मिळावे म्हणून शहरातल्या नोकरदाराचे पैसे गेले, आणि आज ह्यांच्या चिठ्ठीवरून कर जातो. सरकारची तिजोरी म्हणजे कोणा राजाची तिजोरी नव्हे. साबणाच्या वडीवरही आपण कर भरतोच. (बायकांना महिना २५,००० पगारापर्यंत व्यवसाय कर २०२३ पासून माफ आहे. कोणाच्या सुनेचा कापत असतील तर विचारा.)

पण म्हणून सगळे ठीक आहे असेही नाही. आपल्या मागच्या बोळातल्या आजी एकट्या राहतात. त्यांना श्रावणबाळ योजनेचे दीड हजार मिळतात. त्या योजनेला अट आहे की कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत हवे. भागून पाहा; महिन्याला १,७५० झाले. एवढ्यात कोणते कुटुंब जगते? म्हणजे अट पाळायची तर उपाशी राहायचे, नाहीतर दाखल्यावर खोटे लिहायचे. गरीब माणसाला खोटे बोलायला लावणारा आकडा कोणी एवढी वर्षे तसाच ठेवावा, याचे मला नवल वाटते.

'लाडकी बहीण'चे पैसे मला २०२४ च्या जुलैपासूनचे मिळाले. पहिले दोन महिन्यांचे ३,००० राखीपौर्णिमेच्या सुमारास आले म्हणे. म्हणे अशासाठी, की मी ज्या खात्याचा नंबर दिला त्यात ते आलेच नाहीत. पंधरा दिवस हेलपाटे घातल्यावर समजले, आधार ज्या खात्याला जोडलेला त्यातच पैसे जातात. आणि माझा आधार जोडलेला होता एका जुन्या जनधन खात्याला, जे मी काढले होते हेच मी विसरले होते. पासबुक सापडले ते धान्याच्या डब्याच्या तळाशी.

आता वहीने दाखवलेली एक गोष्ट सांगते, आणि हे सांगायची परवानगी मी घरी घेतली आहे. सप्टेंबरपर्यंत हे मला घरखर्चाला जेवढे देत, त्यात ऑक्टोबरपासून हजार रुपये कमी झाले. भांडण नाही, बोलणे नाही. "गॅस तुझ्या पैशातून आण," "पोराची वही तुझ्याकडून घे," असे होत होत हजार कमी झाले. माझ्या नावाने दीड हजार आले, पण घराच्या चुलीत पडले पाचशेच. ह्यांच्या मनात काही वाईट नव्हते; त्यांनाही ते कळले नव्हते. वहीचे ते पान मी पुढे केले तेव्हा हे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "मी मित्राच्या हप्त्याला दिले होते." जानेवारीपासून हजार परत सुरू झाले. माझा सल्ला नाही, फक्त सांगते: आपल्या घरी काय झाले ते पाहा. सरकारने दिलेला पैसा कधीकधी एका दाराने येतो आणि दुसऱ्या दाराने तेवढाच कमी होतो.

काही पैसे येतात, पण ते मिळकत नव्हेत. बचत गटाचे कर्ज, भिशीचा नंबर, गहाण टाकलेली बोरमाळ, फंडातून काढलेली उचल. हे सगळे मी पहिल्या महिन्यात जमेला धरले होते. मुलगी म्हणाली, "आई, हे आपलेच किंवा दुसऱ्याचे; हे आले नाही." खोडले. मग कळले की आम्ही २०२१ साली ज्या वर्षाला 'बरे गेले' म्हणत होतो, ते सगळे कर्जावर गेले होते.

आणि निरंक? मी साड्यांना फॉल-बिडिंग करते, परकर शिवते. लग्नसराईत आणि दिवाळीत काम जास्त, पितृपक्षात मशीनवर धूळ. हे पैसे भाजीच्या डब्यात पडत आणि त्यातूनच जात, म्हणून त्यांना कोणी पैसे म्हणतच नसे, मीसुद्धा नाही. वर्षाचे झाले १९,८५०. ह्यांची मजुरी हातात आलेली १,५२,४००. दिवाळीचा बोनस ८,०००. सासूबाईंचे पेन्शन १२,०००. 'लाडकी बहीण'चे नऊ महिन्यांचे १३,५००. एकूण २,०५,७५०. ही बेरीज आम्ही दोघांनी मिळून केली, २०२५ च्या पाडव्याला, गुढी उतरवल्यावर. लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघे एका वहीवर वाकून बसलो होतो.

स्वयंपाक, धुणे, पाणी, सासूबाईंचे गुडघे चोळणे हे कुठल्या रकान्यात लिहावे ते मला समजले नाही. सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे बिनमोलाचे घरकाम २९९ मिनिटे निघाले, म्हणजे जवळजवळ पाच तास; पुरुषांचे ९७ मिनिटे. (९७ ऐकून आमच्या घरी सासूबाईंनी विचारले, "हे पुरुष राहतात कुठे?") आणि २०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही मोल आहे आणि अपघाताची भरपाई ठरवताना तिचे उत्पन्न धरले पाहिजे. न्यायालयाचे म्हणणे मोलाचेच आहे. पण ते लागू व्हायला बाई गाडीखाली सापडायला हवी. जिवंतपणी फॉर्मवर निरंकच.

गेल्या वर्षी मुलासाठी पुन्हा दाखला काढायला गेले. वही बरोबर नेली. उत्पन्नाचे साधन विचारले तेव्हा एकेक सांगितले. माझ्या नावापुढे 'शिवणकाम, वार्षिक १९,८५०' असे लिहायला लावले. तो म्हणाला, "कशाला लिहिता बाई, त्याने उत्पन्न वाढते." मी म्हटले, "खरे आहे ते लिहा."

ह्यांच्या खात्यावर आता वारस म्हणून माझे आणि दोन्ही मुलांचे नाव आहे. चौथ्या रकान्यात ते लिहिले आहे.

आता चहा तयार आहे असे मागून खुणावत आहेत, तेव्हा एवढेच सांगून बसते. येत्या शनिवारी दुपारी तीन वाजता माझी मुलगी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी कोणाचा फंड कापला जातो त्यांनी त्याचा खाते क्रमांक, पगाराची एखादी चिठ्ठी आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन यावे. ती पासबुक उघडून दाखवील. फोन ह्यांच्याजवळ असतो म्हणाल, तर ह्यांनाही घेऊन या. आमचे हे दाराशी चप्पल सांभाळायला बसणार आहेत.